हॉर्नच्या वायरीचं टोपडं

दाजी,

परवा एका वायरीला टोपडं घालायचं राहिलं आणि मी सवयीनं करंगळी पुढं केली. शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं. करंगळी तशीच हवेत राहिली. समोरच्या चहाच्या टपरीवाल्यानं ती बघितली आणि तिथूनच ओरडला, "जाऊन या की! मला काय विचारताय?"

हसायचं की रडायचं ते कळेना, म्हणून खरोखरच मागच्या बाजूला जाऊन आलो.

टोपडं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. पण हे चार लोक वाचतील, त्यांनाही सांगायला हवं. नाहीतर तुम्हीच म्हणाल, "पावणं, गाडी ढकलून सुरू करू नका, किल्ली फिरवा." तर टोपडं म्हणजे प्लास्टिकची नखाएवढी नळी. वायरीच्या टोकाला पितळी टर्मिनल पकडीनं दाबून बसवायचं आणि त्यावर ही नळी सरकवायची, म्हणजे उघडं पितळ गाडीच्या पत्र्याला लागत नाही. गोम एवढीच, की नळी आधी वायरीत ओवून ठेवावी लागते. टर्मिनल दाबून झाल्यावर ती या बाजूनं जात नाही. विसरलात तर केलेलं टोक कापायचं आणि पहिल्यापासून सुरू. शिवाय शिक्षा. जो विसरेल त्यानं ते टोपडं करंगळीच्या टोकावर चढवायचं आणि संध्याकाळच्या चहापर्यंत काढायचं नाही. हा नियम तुमचा. चढवायचेही तुम्हीच, स्वतःच्या हातानं, साखरपुड्यातली अंगठी घालावी तशा थाटात. माझ्या शेडवर ‘ऑटो इलेक्ट्रिक वर्क्स’ असा बोर्ड आहे, आणि गिऱ्हाइकाशी बोलताना माझ्या करंगळीवर निळं टोपडं असायचं. एकानं विचारलंही, "बोटाला काय झालं ओ?" तुम्ही गाडीखालून उत्तर दिलंत, "डोक्याला झालंय, बोटाला बांधलंय."

मी तुमचा मेव्हणा, म्हणून तुम्ही मला कधी नावानं हाक मारली नाहीत. कायम ‘पावणं’. घरात पावणं, शेडमध्ये पावणं, भांडतानाही ‘पावणं, तुमास्नी अक्कल न्हाय’. अक्कल नसल्याचं इतक्या आदरानं मला दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही.

आणि तुमची गाडी. पुढं लांब नाक असलेला जुना ट्रक. आक्का लग्न होऊन तुमच्या घरात आली तेव्हा तो दारात उभाच होता, म्हणून आक्का त्याला ‘थोरली’ म्हणायची. रागात असली की ‘सवत’. "सवतीला धुतलं, पुसलं, हार घातला, आता मला एक चा तरी करून देता काय?" हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. तुम्ही चहा करून दिलात हेही बघितलंय. साखर विसरला होता.

मी धंद्यात नवा होतो तेव्हा वायरिंगचं पहिलं मोठं काम दिलंत ते थोरलीचंच. मी ते जीव ओतून केलं. एकच बारीक गडबड राहिली. डावीकडचा इंडिकेटर दिला की वायपर चालायचा. एक अख्खा उन्हाळा तुम्ही तशी गाडी चालवलीत. कडक उन्हात तुम्ही डावीकडं वळताना मागचे लोक आभाळाकडं बघायचे. तुमचे जोडीदार म्हणायचे, मेव्हण्याला घर दे, शेत दे, गाडी देऊ नकोस. तुम्ही म्हणालात, "शिकंल की. माझ्या गाडीवर न्हाय शिकला तर लोकांच्या गाडीवर शिकंल. ते वंगाळ." हे मला आक्कानं पुष्कळ उशिरा सांगितलं. तोवर मला वाटत होतं की माझं काम तुम्हाला आवडतं.

पण आपला खरा वाद सुरू झाला तो आंबा घाटात. मी तिथं नव्हतो, तरी आक्कानं तो प्रसंग इतक्यांदा सांगितलाय की त्या धुक्याचा ओलावा माझ्या अंगाला लागतो. कोकणात कुणाचं तरी लग्न होतं. तुम्ही आणि आक्का थोरली घेऊन निघालात. घाटात भर सकाळी असं धुकं, की गाडीचं नाकही दिसेना. आणि नेमका तिथं हॉर्न मेला. वळणावर समोरच्याला कळणार कसं? तुम्ही गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकलीत आणि आक्का खिडकीतून अर्धी बाहेर झुकून ओरडायला लागली. "आलोऽऽऽ रंऽऽऽ! बाजूला व्हाऽऽऽ!" संपूर्ण घाट. एका वळणावर खालून आलेल्या टेम्पोवाल्यानं काच खाली करून म्हणे सांगितलं, "वैनी, हॉर्न लई ब्येस हाय. कुठनं बसवला?"

लग्नात आक्काला मंगलाष्टका म्हणता आल्या नाहीत. घसा बसला तो बसलाच. परत आल्यावर ती मला शिव्या द्यायला शेडवर आली, पण आवाज फुटेना, म्हणून नुसते हातवारे करून देत राहिली. शिव्या समजल्या. माझ्याच बहिणीच्या होत्या.

तुम्ही बॉनेट उघडलंत. हॉर्नच्या वायरीचं टोक मी डाग देऊन जोडलं होतं, चांगलं शिसं वितळवून. टोक जागच्या जागी होतं, त्याच्या शेजारीच तार तुटली होती.

मी म्हणालो, "बघा दाजी, डाग सुटलेला न्हाय. तार तुटलीया. माझा डाग अजून पक्का हाय."

तुम्ही ती तुटकी तार माझ्या डोळ्यांपुढं धरलीत. "म्हंजे हॉर्न मेला, पण तुमचा डाग जितला."

"व्हय की."

"पावणं, शिसं तारंत वर चढतं. तार काडीगत ताठ हुती. गाडी काय देवळातली मूर्ती न्हाय, ती हालती. मऊ तार हालल्यावर वाकती. ताठ तार मोडती. दाबून बसवा, डाग नको."

"दाबलेलं ढिलं हुतंय दाजी. डागानं दोन्ही एकजीव हुत्यात."

"एकजीव झालेलंच मोडतंय."

तेव्हापासून डाग की दाब, हा वाद आपण लग्नात, बारशात, उसाच्या फडात, दवाखान्याच्या बाकावर, जिथं भेटलो तिथं घातला. आक्का म्हणायची, दोघं बसलात की एक शिशाचं बोलतोय आणि एक पितळंचं, घरात सोन्याचं कुणीतरी बोला. तो वाद मिटला नाही. मला तो मिटवायचाही नव्हता. मिटला असता तर मी तुमच्याशी काय बोललो असतो?

मग कृष्णेचं पाणी आलं. शिरोळकडच्या माणसाला पाणी नवं नाही, पण त्या वेळी ते तुमच्या अंदाजापेक्षा लवकर अंगणात शिरलं. तुम्ही आक्काला आणि म्हशींना वर गावात नेलंत, आणि थोरली दारातच राहिली. पाणी उतरल्यावर ट्रॅक्टरनं ओढत ती माझ्या शेडवर आणलीत. डॅशबोर्डापर्यंत चिखलाची रेघ होती. इंजिन तुम्ही दुसऱ्याकडून करून घेतलंत. माझ्यावर तेवढा विश्वास नव्हता. आणि वायरिंग? ते माझ्याकडं दिलंत. तोही विश्वास नव्हे. तुम्ही म्हणालात, "दोघं मिळून करूया. मी दाबतो, तुम्ही बघा."

जुनं सगळं वायरिंग बाहेर ओढलं आणि शेडच्या फरशीवर लांबच लांब पसरलं. तुम्ही चष्मा लावून त्याच्या कडेनं चालत निघालात, आणि माझ्या उभ्या आयुष्याचं वाचन सुरू झालं. "हे तुमचं लग्नाआधीचं. लाल वायर संपली म्हणून हिरवी जोडलीया. हे पोरगी झाली तवाचं, झोप न्हाय झालेली कळतीया. आणि ही टेप बघा, टेपवर टेप, त्याच्यावर टेप. आत काय हाय ओ, पेढा?"

टेपचा तुम्हाला भारी राग. जोडावर काळी टेप दिसली की तुमचं तोंड वाकडं व्हायचं. "टेप म्हंजे जखमंवर चिंधी. खाली काय कुजालंय त्ये दिसू नये म्हणून गुंडाळायची."

आणि खरंच, टेप सोडवली की आत तांबं कळकून हिरवं झालेलं. पुराचं पाणी वायरीच्या टोकातून आत शिरलं होतं आणि प्लास्टिकच्या कातड्याखालून हातभर वर चढलं होतं. तुम्ही कापत गेलात. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापायचं. लागेना. शेवटी सगळंच फेकलं.

नवी वायर आली, आणि तुम्ही तुमची ती दातेरी पक्कड काढलीत. तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली. ती पक्कड विचित्र होती. एकदा दाबायला सुरुवात केली की पुरती मिटेपर्यंत उघडायचीच नाही. मध्येच विचार बदलला, फोन आला, शिंक आली, तरी सोडणार नाही. मला पहिल्याच दिवशी तिनं पकडलं. टर्मिनल उलटं घातलं होतं, ते लक्षात आलं निम्मं दाबल्यावर. मी पक्कड हलवतोय, झटकतोय. तुम्ही शांतपणे म्हणालात, "ती सोडायची न्हाय. सुरू केलंय, आता संपवा. चुकीचं तर चुकीचं, पण पुरं करा."

तुमचं दाबणं बघत बसावंसं वाटायचं. वायरीचं कातडं सोलायचं, पण तांब्याचा एकही केस तुटू द्यायचा नाही. चिमटीनं हलका पीळ. टर्मिनलला पाठीमागं दोन जोड्या पंख असतात. पुढचे पंख तांब्यावर मिटायचे, मागचे कातड्यावर. तुम्ही म्हणायचात, "फुडच्यानं करंट न्यायचा, मागच्यानं ओढ सोसायची. दोघांचं काम येगळं. तुमी फकस्त फुडचं दाबता आणि मागचं इसरता." मग कट् कट् कट् करत पक्कड मिटायची. आणि मग, प्रत्येक टोकाला, न चुकता, तुम्ही टर्मिनल एका हातात आणि वायर दुसऱ्या हातात धरून जोरात ओढायचात. दोरीखेच असल्यासारखे. "सुटायचं तर हितंच सूट बाई. घाटात नको."

माझी सुटायची. तुम्ही ती उचलून माझ्या वरच्या खिशात टाकायचात. घरी बायको शर्ट धुवायला काढायची तेव्हा पितळ खळखळायचं. ती म्हणायची, आज बरंच शिकलेलं दिसताय.

आणि टोपडी तर मी रोज विसरायचो. तुम्ही कधीच नाही. मी वाट बघायचो. तुमचं लक्ष विचलित व्हावं म्हणून मी काय काय केलं! ऐन दाबताना राजकारण काढलं, उसाचा विषय काढला, एकदा ‘साप!’ म्हणून ओरडलो. तुम्ही ओवलेलं टोपडं दोन बोटांत धरून म्हणालात, "आधी हे बसू दे, मग साप बघू." एका हाताची बोटं पुरणार नाहीत इतकी टोपडी माझ्या नावावर, आणि तुमच्या नावावर एकही नाही. मी तुम्हाला तोंडावर म्हणायचो, "दाजी, एक दिवस तुमचं बी राहील. त्या दिवशी मी पेढं वाटीन." तुम्ही म्हणायचात, "त्या दिवशी मीच हितनं पळून जाईन."

हे वाक्य आता लिहिताना हात थांबला.

तो शेवटचा दिवस, दाजी. मला माहीत नव्हतं की तो शेवटचा आहे, नाहीतर मी शहाण्यासारखा वागलो असतो. दुपारी मी फ्यूज आणायला बाजारात गेलो. तुम्ही एकटेच डॅशबोर्डाखाली हॉर्नच्या वायरीचं काम घेऊन बसला होता. मी परत आलो तर तुम्ही घाईघाईनं खाली उतरत होता. माझ्याकडं नीट बघितलंही नाहीत. तोंड दुसरीकडं, रुमालानं पुसत होता.

"काय दाजी, आज लवकर?"

"बास आज. हॉर्नचं एक टोक झालंय. दुसरं उद्या."

"थांबा की, चा सांगतो."

"नको, जातो."

तुम्ही? संध्याकाळचा चहा नको? आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "डाग दिला असता तर एव्हाना दोन्ही टोकं झाली असती." तुम्ही तुमच्या फटफटीला किक मारलीत आणि मान हलवत निघून गेलात. तुमच्याशी मी बोललेलं शेवटचं वाक्य ते. शिशाचं.

सकाळी आक्काचा फोन आला. तुम्ही उठलाच नव्हता.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं. माणसं जमली, नदीवर जाऊन आलो, रक्षाविसर्जन झालं. जो येईल तो मलाच विचारायचा, कारण शेवटची दुपार तुम्ही माझ्याकडं घालवली होती. "काय बोलले काय? छातीत वगैरे?" मी म्हणायचो, न्हाय, काय न्हाय. आणि आतून मला ते खाली उतरणं दिसायचं. ती घाई. ते तोंड पुसणं. तो नको म्हटलेला चहा. घाम पुसत होता का दाजी? दुखत होतं का? मेव्हण्याला कशाला सांगा, म्हणून गेलात का? आणि मी समोर उभा राहून टोमणा मारत होतो. ‘बसा जरा, बरं वाटत नाही का?’ एवढं विचारायला किती वेळ लागतो?

घरी गेल्यावर तुम्ही कसे होता, हे आक्काला विचारायचं धाडस झालं नाही. ती म्हणाली असती, ‘व्हय रं, दुपारपासनंच दुखत होतं म्हणाले, तुला न्हाय सांगितलं?’ तर मी कुठं गेलो असतो? रोज तिच्यासमोर बसायचो, चहा प्यायचो आणि न विचारता उठून यायचो.

थोरली शेडमध्ये उभी होती, पोट उघडं टाकून. वायरी लोंबत होत्या. भावकीतल्या लोकांनी आक्काला सांगितलं, आता चालवणार कोण, भंगारवाल्याला देऊन टाक. मला वाटलं, ती देईल. सवत ती सवतच. पण आक्का मला म्हणाली, "खंडेनवमीला थोरली दारात पायजे."

मी म्हणालो, "आक्का, औंदा आपल्याला सण न्हाय."

"सण माणसाला न्हाय. गाडीला कसलं सुतक? दरवर्षी त्या दिवशी ती दारात असती. दिवं लागलं आणि हॉर्न वाजला, तर ठेवीन, चालवायला कुणीबी ठेवू. न्हायतर दसरा झाल्यावर देऊन टाकीन. मुकी गाडी दारात बघवायची न्हाय मला."

"मी एकटा कसं करू आक्का? तुला माझं काम ठाऊक हाय."

"ठाऊक हाय म्हणून तर सांगालीया. घसा माझा बसलता."

मग मी बसलो. तुमची पक्कड घेतली. मोठे दिवे केले, मागचे दिवे केले, इंडिकेटर केला आणि वायपर चालत नाही ना ते पुन्हापुन्हा बघितलं. डाग कुठंच दिला नाही. हरलो म्हणून नाही, एवढं लक्षात ठेवा. निम्मी गाडी तुमच्या पद्धतीनं झाली होती, म्हणून उरलेलीही तशीच केली. प्रत्येक टोक ओढून बघितलं. सुटलेली माझ्या खिशात मीच टाकली. ब्रेकच्या दिव्याला टोपडं राहिलं, ती करंगळीची गोष्ट वर सांगितलीच. ते टोपडं मग मी माझ्या हातानंच चढवलं. स्वतःच स्वतःला अंगठी घालणाऱ्या नवरदेवासारखं वाटलं.

फक्त हॉर्नच्या वायरीला मी हात लावला नाही. ती मी टाळत आलो. तिच्याजवळ गेलं की ती दुपार समोर उभी राहायची. पण खंडेनवमी तोंडावर आली, आणि मुकी गाडी चालणार नव्हती.

डॅशबोर्डाखाली पाठीवर आडवा झालो. बॅटरीच्या उजेडात तुमची वायर सापडली. एक टोक वर जोडलेलं, दुसरं अजून बॉनेटकडं काढायचं बाकी, वेटोळं करून नीट बांधून ठेवलेलं. मी जोडलेलं टोक हातात घेतलं, आणि बोटांना काहीतरी चिकट लागलं.

काळी टेप.

तुमच्या टोकाला टेप? मला वाटलं, माझंच कुठलं तरी जुनं काम राहिलंय. पण वायर नवी होती. टेप अगदी आवळून, सुबक, एकावर एक वेढे देऊन मारलेली. मी नखानं तिचं टोक उचकटलं आणि सोडवत गेलो. आत तुमचं टर्मिनल. दोन्ही जोड्या पंख कसे मिटलेले, देखणे. आणि टोपडं नाही.

टोपडं नाही, दाजी!

मी तिथंच पडल्या पडल्या बघत राहिलो. आधी कळेना. मग ती सगळी दुपार सुलट झाली. तुम्ही एकटे होता. विसरलात. कापून पुन्हा करायला गेलात असाल, तेवढ्यात माझ्या स्कूटरचा आवाज आला असेल. मग हाताला लागली ती माझीच टेप, जिला तुम्ही चिंधी म्हणायचात, ती गुंडाळलीत आणि पळालात! तोंड पुसत नव्हता तुम्ही. हसू पुसत होता. आणि चहा नको, कारण चहापर्यंत थांबला असता आणि मी आत डोकावलो असतो, तर करंगळी पुढं करावी लागली असती.

मी इतका हसलो की डोकं डॅशबोर्डाला आपटलं. टपरीवाला धावत आला. त्यानं बघितलं तर गाडीतून माझे दोन पाय बाहेर आणि आत मी रडतोय. तो म्हणाला, "शॉक बसला काय?" मी म्हणालो, "व्हय, पण बारीक." तो चहा ठेवून निघून गेला. चांगला माणूस आहे.

पण उघडं टर्मिनल तसं ठेवता येत नाही. नियमानं ते कापायला हवं होतं. मी कटर आणला. वायर जबड्यात धरली. तुमच्या हातचं शेवटचं टोक, आणि कापायचं माझ्या हातानं? कटर मिटेना. सवयीनं ते ओढून बघितलं. पुन्हा ओढलं. तसूभर हललं नाही.

आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, तुम्ही न सांगता. वायरीचं दुसरं टोक मोकळं होतं! तुम्ही ते उद्यावर ठेवलं होतं, म्हणून त्याला अजून टर्मिनल नव्हतं. या बाजूनं टोपडं जात नसलं तरी त्या बाजूनं तर जात होतं. मी एक टोपडं घेतलं, रुंद तोंड पुढं करून त्या मोकळ्या टोकातून ओवलं आणि वेटोळं सोडवत, वायरीवरून सरकवत सरकवत तुमच्यापर्यंत आणलं. ते तुमच्या टर्मिनलवर टिच्च बसलं. काम अर्धं राहिलं होतं म्हणून तुमची चूक न कापता दुरुस्त झाली, दाजी. मग माझ्या टोकाचं टोपडं ओवलं. हो, ओवलं, आधी ओवलं, तीनदा हात लावून खात्री केली. वायर बॉनेटकडं काढली, सोलली, पीळ दिला, तुमची पक्कड लावली. कट् कट् कट्. मागचे पंखही दाबले. ओढून बघितलं. सुटलं नाही.

खंडेनवमीच्या सकाळी थोरली आक्काच्या दारात उभी केली. आक्का ताट घेऊन आली. भावकीतली एक म्हातारी कुजबुजली, हिनं कशाला कुंकू लावायचं. आक्कानं वळूनही न बघता गाडीच्या नाकावर बोटं टेकवली. "लावू दे की. ती बी आता माझ्यासारखीच."

मग ती वर चढली. तुमच्या सीटवर बसली. मी खालून म्हणालो, दिवे लाव. तिनं दिव्याच्या खटक्याकडं हात नेला आणि थांबली.

"हे निळं काय रे बसवलंयस ह्याच्यावर?"

"दाजींची करंगळी."

मी तिला सगळं सांगितलं. टेप, टोपडं, पळून जाणं, आणि त्यांची करंगळी आता नाही म्हणून त्यांच्या खटक्याला दिलेली शिक्षा. सांगताना भीतीच वाटत होती. आक्का ऐकत राहिली, आणि मग तिचे खांदे हलायला लागले.

"तरीच! आल्यापासनं एकटंच हसालते. मी म्हटलं काय झालं, तर म्हणाले, आज माझं राह्यलं. पावण्याला सांगू नगंस, न्हायतर गावभर पेढं वाटंल. उद्या सकाळी लवकर जाऊन, तो यायच्या आत बदलून टाकतो."

"म्हंजे दुखत न्हवतं?"

"कशाला दुखतंय? दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. झोपताना बी हसालते."

मी बॉनेटला टेकलो. तिला वाटलं मी वायर तपासतोय.

"हं, बाजूला हो," आक्का म्हणाली आणि हॉर्नवर तळवा ठेवला. तो आवाज कृष्णेच्या पलीकडं गेला असेल. म्हशी उठून उभ्या राहिल्या. आक्कानं हात काढलाच नाही, घाट उतरत असल्यासारखी वाजवत बसली. माझ्या समोर, पत्र्याच्या या बाजूला माझं टोक होतं, त्या बाजूला तुमचं.

डाग की दाब, यावर मला अजून पुष्कळ बोलायचं आहे. ते राहू दे. पण शिक्षा संध्याकाळच्या चहापर्यंतच असते, हा नियम तुमचाच. तुमचा चहा त्या दिवशी राहून गेला होता. काल संध्याकाळी आक्कानं चहा केला, एक कप डॅशबोर्डावर ठेवला. मी वर चढलो आणि खटक्यावरचं टोपडं काढायला हात घातला.

आक्का म्हणाली, "असू दे की. लई दिवसांनी घावल्यात ते."